घरात लेडीबग शिरलेत, शेकड्यांनी. फवारणी करावी का?

सायली_सूस

नमस्कार मंडळी. आम्ही पुण्यात सूसला राहतो, चौथ्या मजल्यावर. संक्रांतीनंतर घरात लेडीबग दिसायला लागले. सुरुवातीला एखाददुसरा असायचा, मुलं हातावर घेऊन खेळायची. आता सकाळी पडदा सरकवला की स्लायडिंग खिडकीच्या ट्रॅकमध्ये ओळीने बसलेले असतात. ट्यूबलाइटच्या पट्टीवर, पडद्याच्या दुमडीत, देवघराच्या मागे, सगळीकडे. बाल्कनीच्या भिंतीवर तर केशरी-काळे, अजिबात न हलणारे गोळे चिकटलेत. खरवडले की पिवळा डाग राहतो आणि कडवट वास येतो.

सासूबाईंना दमा आहे, म्हणून जास्त काळजी वाटते. कमिटीने एका पेस्ट कंट्रोलवाल्याला विचारलं. तो म्हणतो, इमारतीच्या बाहेरच्या सगळ्या भिंती आणि प्रत्येक फ्लॅट आतून फवारावा लागेल. घरात लहान मुलं आहेत, मांजर आहे, माझं मन तयार होत नाही. हे किडे नेमके कशामुळे येतात? औषध न मारता जातात का? रविवारी मीटिंग आहे, त्याआधी काही कळलं तर फार बरं होईल.

तिसरा_मजला

फवारून घ्या आणि मोकळे व्हा. किडा तो किडा. आज लेडीबग, उद्या झुरळं. एवढ्या मोठ्या सोसायटीत प्रत्येकाच्या मनासारखं होत नसतं.

रानवाटा

थांबा, घाई नको. सायली, आधी फोटो टाका. एक पाठीचा, एक भिंतीवरच्या गोळ्यांचा. ठिपके किती आहेत, पाठ चकचकीत आहे की मखमली, एवढं कळलं तरी अर्धं काम होईल. पुण्यात 'लेडीबग' म्हणून लोक निदान तीन-चार वेगळे किडे दाखवतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

गच्चीबाग

आमच्या गुलाबांवर मावाच मावा (झाडाचा रस शोषणारे बारीक किडे) झालाय. सगळे लेडीबग कर्वेनगरला पाठवून द्या, रिक्षाभाडं मी देते :)

चिंटूची_आई

आमचे चिरंजीव त्यांचे ठिपके मोजून हजेरी घेतात. सात ठिपकेवाले 'सातवी ब', सहावाले 'सहावी अ'. मारू म्हटलं तर घरात संप होईल.

इलिनॉयकर

मी मूळची कोथरूडची, सध्या इलिनॉयमध्ये. इकडे हा प्रकार दर ऑक्टोबरला होतो, म्हणून लिहिते. सोयाबीनची कापणी झाली, पहिली थंडी पडून गेली आणि पुन्हा एखादा उबदार दिवस आला की घराच्या दक्षिण-पश्चिमेच्या भिंतीवर हजारोंनी बसतात. फिकट रंगाच्या भिंती त्यांना विशेष आवडतात. मग फटीतून आत शिरतात आणि भिंतीच्या पोकळीत हिवाळा काढतात.

हे हार्मोनिया ॲक्सिरिडिस नावाचे आशियाई लेडीबग. मूळचे चीन, जपान, कोरिया, सैबेरियाकडचे. मावा खावा म्हणून अमेरिकेत १९१६ पासून वेळोवेळी सोडले होते, पण रानात बस्तान बसल्याची पहिली नोंद १९८८ ची, लुइझियानातली. २००० साली इकडे सोयाबीनवरचा मावा आला आणि त्यांची चंगळच झाली. डोक्यामागच्या पांढऱ्या भागावर इंग्रजी एम अक्षरासारखी काळी खूण असते, त्यावरून ओळखतात.

चिरडायचं नाही, हा इथला पहिला नियम. दाबला की पायांच्या सांध्यांतून पिवळा द्रव सोडतात. त्याचा वास आणि डाग दोन्ही चिवट. आम्ही व्हॅक्युमच्या नळीत जुना पायमोजा घालतो, तोंडाला रबरबँड लावतो. किडे पायमोज्यात अडकतात, मशीनच्या पिशवीला वास लागत नाही.

तिसरा_मजला

बघा, अमेरिकेत घरात घुसून राहतात म्हणजे इकडेही राहणार. मी म्हणतो ते चूक काय?

रानवाटा

तिसरा मजला, इलिनॉयकरांनी लिहिलेलं तिकडचं अगदी बरोबर आहे, पण ते इथे जसंच्या तसं लागू होत नाही. पुण्याची थंडी ती काय! आपल्या ढालकिड्यांना, म्हणजे लेडीबगना, चार महिने भिंतीत दडून बसायची गरज पडत नाही. आपल्या बागेत नेहमी दिसतात त्यांतला एक सात ठिपक्यांचा लाल, दुसरा सहा ठिपक्यांचा पिवळट-केशरी. या दुसऱ्याच्या पाठीवर काळ्या नागमोडी रेघा असतात. दोघेही मावा खातात. घरात त्यांना खायला काही नाही, घरात अंडी घालून पिढ्या वाढवणं त्यांना जमत नाही. कपडे, धान्य, लाकूड यांना तोंड लावत नाहीत.

मग ते घरात का? पुण्यात थंडी संपता संपता मावा भरपूर असतो. त्यावर ढालकिड्यांच्या एकामागून एक पिढ्या निघतात. ऊन वाढलं किंवा मावा संपला की एवढी मोठी फौज उपाशी राहते, उडत सुटते आणि दिव्याकडे, खिडकीकडे येते. म्हणून प्रश्न घरात किती आहेत हा नाहीच. ते वाढले कुठे, ते शोधायचं.

आणि सायली, तुमच्या वर्णनात एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. भिंतीवरचे न हलणारे गोळे म्हणजे कोष. अळी कोषात जाण्याआधी झाडावरून उतरून जवळपासची भिंत, कुंडीचा काठ, गज असं काहीतरी गाठते. अळीला पंख नसतात. ती खालून चार मजले चढून येणार नाही. म्हणजे निदान काही किडे तुमच्याच बाल्कनीत जन्मले आहेत. कुंड्या बघा. कोवळे शेंडे, कळ्यांचे देठ, पानांच्या मागची बाजू.

जुनी_पेठ

आमच्याकडे जिन्याखाली लाल-काळ्या किड्यांचा ढीग असतो. जोडीजोडीने चालतात, एक पुढे ओढतो, दुसरा मागे मागे. हेच का ते?

रानवाटा

नाही काका, ते लाल ढेकूण. जवळ भेंडीचं किंवा काटेसावरीचं झाड असेल. गळलेल्या बियांमधला रस शोषतात. घराला काही करत नाहीत, बिया झाडून काढल्या की कमी होतात.

जुनी_पेठ

भेंडी आहे खरी, वाड्याच्या मागच्या अंगाला. धन्यवाद.

सासवडकर

मी सीताफळाचा बागायतदार, पुरंदर तालुका. शहरातली मंडळी ढालकिडे फवारायला निघालेली वाचून राहवलं नाही. आम्ही हे किडे पैसे मोजून विकत आणतो हो!

सीताफळावर पिठ्या ढेकूण पडतो. पांढरा कापूस चिकटल्यागत दिसतो, फळाच्या खवल्यांत जाऊन बसतो, वर मेणाचं आवरण, त्यामुळे औषध आत पोचत नाही. त्यावर क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा सोडतात. अंगाने काळा, डोकं केशरी. ठिपका एकही नाही, पण याच कुळातला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, भारतात १८९८ साली आणला. एकरी सहाशे या हिशेबाने संध्याकाळी सोडायचे, ऊन उतरल्यावर. त्याच्या आधी आणि नंतर काही दिवस कडक औषध बागेत न्यायचं नाही. द्राक्षवालेही हेच करतात.

त्याची अळी पांढऱ्या धाग्यांनी मढलेली असते, अगदी पिठ्या ढेकणासारखी. नवा गडी असला की तो ढेकूण समजून पुसून टाकतो. म्हणून कामावर घेताना मी आधी अळी तळहातावर घेऊन दाखवतो. ढेकूण जागचा फारसा हलत नाही, अळी तुरुतुरु पळते.

तुमच्या सातठिपकी किड्याची अळी वेगळी. काळपट, अंगावर केशरी ठिपके, लांबट, सहा पायांची, सुसरीच्या पिल्लासारखी. दिसायला भीतिदायक, पण मावा खाण्यात मोठ्या किड्याच्या बरोबरीची. लोक नेमकी तीच मारतात, कारण तिच्यावर लाल गोंडस पाठ नसते.

आणखी एक. रब्बीची ज्वारी या दिवसांत काढणीला येते. ज्वारीवर माव्याचा चिकटा पडलेला असतो, करडईवर काळा मावा असतो, त्यावर हे किडे पोसलेले असतात. पीक निघालं की ते जाणार कुठे? सूस-महाळुंगेकडे अजून थोडीफार शेती आहे. शेजारचं रान नुकतंच मोकळं झालंय का, विचारा. तसं असेल तर आठ-पंधरा दिवसांत आपोआप पांगतील.

गच्चीबाग

सासवडकर दादा, सुंदर माहिती. एक शंका. माझ्या वांग्याच्या पानांची पार जाळी झालीय आणि त्यावर ठिपकेवाले किडेच बसलेले असतात. मग सगळे ढालकिडे मित्र कसे?

सासवडकर

सगळे नाहीत, ताई. तो अठ्ठावीस ठिपक्यांचा. पाठ चकचकीत नसते, बारीक लव असल्यामुळे मळकट तांबूस दिसते. अळी पिवळी, अंगभर काटे. वांगी, बटाटा, टोमॅटो, कारल्याच्या वेलावरही येतो आणि पानाचा हिरवा भाग खरवडून खातो. सकाळी सुस्त असतात तेव्हा साबणाच्या पाण्यात झटकून टाका. पानामागे पिवळ्या अंड्यांचे उभे पुंजके असतात, तेही चिरडा. पण एक नजर त्याच पानावर मावा आहे का ते बघून घ्या, कारण मित्रकिड्याची अंडीही पिवळीच असतात.

तिसरा_मजला

शेतात मित्र असतील, मान्य. माझ्या पलंगावर नकोत. कमिटीत मी आहे, रोज तक्रारी माझ्याकडे येतात. काल एकांच्या तान्ह्या बाळाच्या पाळण्यात सापडले. त्या आईला मी मावा आणि ज्वारी सांगू का?

कफ_वात_पित्त

तिसरा मजला यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नये. डॉक्टर म्हणून लिहितो. हे किडे रोग पसरवत नाहीत. क्वचित चिमटा काढल्यासारखं चावतात, विष नसतं. तो पिवळा द्रव डोळ्यात गेला तर चुरचुरतो, म्हणून हाताळल्यावर हात धुवावेत. बाळाच्या पाळण्याला मच्छरदाणी लावली की काम झालं.

दम्याबद्दल: अमेरिकेत जिथे हजारोंनी भिंतीत राहतात, तिथे त्यांची ॲलर्जी होऊन नाक गळणं, डोळे लाल होणं, दम्याचा त्रास वाढणं हे नोंदलेलं आहे. म्हणून सायली, सासूबाईंच्या खोलीतले किडे सर्वांत आधी आणि रोज काढा, मेलेलेही. त्या खोलीची खिडकी संध्याकाळी बंद ठेवा. मात्र बंद घरात औषधाची फवारणी झाल्यावर दमेकऱ्याला धाप लागते, हे मी माझ्या पेशंटमध्ये पाहत आलोय. त्यांच्या बाबतीत मला फवारणीची भीती किड्यांपेक्षा जास्त वाटते.

घरात मांजर आहे म्हणून आणखी एक. पेस्ट कंट्रोलच्या काही औषधांत परमेथ्रिन असतं. ते मांजरांना फार विषारी आहे, त्यांच्या शरीराला ते पचवून बाहेर टाकता येत नाही. कुठलंही औषध ठरलं तरी त्याचं नाव आधी लेखी मागून घ्या.

सायली_सूस

डॉक्टर, खूप आभार. मांजराचं मला कोणीच सांगितलं नव्हतं.

नवखा_आयडी

माझ्या खिडकीत पण छोटे गोल किडे मरून पडतात, तपकिरी-पांढरे ठिपके. फार बारीक, मोहरीएवढे. तेही लेडीबगच समजायचे ना? वूलनच्या शालीला भोकं पडलीत, ती कसरीमुळे असावीत.

रानवाटा

हे मात्र गंभीरपणे घ्या. वर्णनावरून कार्पेट बीटल वाटतात. मोठा किडा परागकण खातो आणि बाहेर जायला खिडकीकडे येतो. नुकसान अळी करते. केसाळ, तपकिरी पट्ट्यांची, कपाटाच्या कोपऱ्यात. लोकर, रेशीम, पिसं, जे जे प्राण्यापासून आलेलं ते खाते. पैठण्या, शालू, शाली लगेच बाहेर काढा, झटका, ऊन दाखवा, कपाटाच्या फटी व्हॅक्युमने साफ करा आणि कपडे घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवा.

आणि याचा मूळ विषयाशी संबंध आहे. कार्पेट बीटलच्या अळ्या मेलेले किडेही खातात. फवारणी करून ढालकिडे खिडकीच्या चौकटीत, फॉल्स सीलिंगमध्ये, दिव्याच्या खोबणीत मरून पडले, की तुम्ही एका निरुपद्रवी पाहुण्याच्या जागी पैठणी खाणाऱ्याला जेवण वाढून ठेवता. तिसरा मजला, मीटिंगमध्ये हा मुद्दा जरूर मांडा.

नवखा_आयडी

आत्ताच कपाट उघडलं. केसाळ अळी आहे. आईला अजून सांगितलेलं नाही.

चिंटूची_आई

आधी आईला सांगा!!

त्रिशूरहून_पुणे

मी मराठी, नोकरीमुळे काही वर्षं केरळात होतो. लेडीबगची तक्रार वाचून तिथला मुपली किडा आठवला. काळा, छोटा, रबराच्या मळ्यातल्या गळलेल्या पानांवर वाढतो. उन्हाळ्यात वळवाचा पाऊस झाला की एका रात्रीत लाखोंनी घरात शिरतो आणि कौलांखाली, माळ्यावर महिनोन्महिने सुस्त पडून राहतो. त्याचाही द्रव कातडीला लागला की आग होते. तिथले शेजारी संध्याकाळी घरातले दिवे मालवून अंगणात एकच दिवा लावायचे, खाली पाण्याची परात. हा दिव्याचा उपाय इथे करून बघता येईल का?

रानवाटा

दिव्याचा मुद्दा उपयोगी आहे, पाण्याची परात नको. बाल्कनीतला पांढरा एलईडी काढून पिवळसर लावा, किडे तुलनेने कमी येतात. दिवेलागणीला पडदे ओढून घ्या.

जुनी_पेठ

स्लायडिंग खिडक्यांचं मी सांगतो, फॅब्रिकेशनच्या धंद्यात आयुष्य गेलं. दोन काचांच्या मधल्या उभ्या पट्टीत केसाळ पट्टी बसवलेली असते. चार-पाच वर्षांत ती झिजते आणि तिथे काडी जाईल एवढी फट पडते. किडे, धूळ, मुंग्या सगळं तिथूनच येतं. पट्टी मीटरवर मिळते, स्वस्त असते. शटर उचलून काढायचं, जुनी ओढायची, नवी सरकवायची. ट्रॅकला खाली पाणी जायला भोकं असतात, ती मात्र सिलिकॉनने बुजवू नका, पावसाळ्यात पाणी आत येईल. त्यावर बारीक जाळीचा तुकडा चिकटवा. एसीच्या पाइपाभोवतीचं भोक बहुतेकांकडे उघडंच असतं, तिथे सिलिकॉन चालेल.

सायली_सूस

मंडळी, शोध लागला! रानवाटा म्हणाले तसं सकाळी कुंड्या उलट्यापालट्या करून पाहिल्या. दिवाळीत आणलेल्या शेवंतीचे शेंडे काळ्या-तपकिरी माव्याने गच्च भरलेत. पानांवर चिकट थर, मुंग्यांची रांग, आणि त्यातच सासवडकरांनी सांगितलेल्या त्या काळ्या-केशरी अळ्या. एक अळी मावा तोंडात धरून चक्क चघळत होती. मुलं शाळेची रिक्षा येईपर्यंत तिथून हलली नाहीत.

मग खाली उतरले. आमच्या कंपाउंडला लागून कण्हेरीची लांब रांग आहे आणि पलीकडे मोकळ्या प्लॉटवर रुई माजलीय. दोन्हींच्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा, काळ्या पायांचा. लेडीबग तर इतके की फांदी हलवली की पावसासारखे पडले. बऱ्याच शेंड्यांवरचा मावा संपलाय, नुसत्या पांढऱ्या काती उरल्यात. फोटो टाकले आहेत. कमिटीतले एकजण म्हणाले, अख्खी कण्हेर तोडून टाकू.

रानवाटा

फोटो पाहिले. सात ठिपक्यांचा आणि नागमोडी रेघांचा, दोन्ही आहेत. पांढऱ्या काती म्हणजे माव्याने टाकलेली कात. जेवण संपत आलंय आणि पंगत उठतेय, ती तुमच्या खिडकीत.

कण्हेर तोडायची काही गरज नाही. माव्याने भरलेले कोवळे शेंडे तेवढे छाटा. कण्हेरीचा चीक विषारी असतो, माळीदादांना हातमोजे द्या, छाटलेलं गुरांच्या तोंडी जाईल असं टाकू नका आणि जाळू तर मुळीच नका, धूरही घातक. रुई राहू द्या. खिडकीतून गोळा केलेले किडे तिथेच नेऊन सोडा.

तिसरा_मजला

फांद्या छाटल्या आणि किडे तरीही आले, तर?

सासवडकर

तर शेवंतीकडे बघायचं. मुंग्या माव्याचा गोड चिकटा खातात आणि बदल्यात ढालकिड्याला हुसकतात. म्हणून कुंडीखाली पाण्याची ताटली ठेवून मुंग्या तोडा. ज्या फांदीवर अळ्या आहेत ती तशीच ठेवा, बाकीच्या शेंड्यांवर पाण्याचा जोराचा फवारा मारा, मावा गळून पडतो. अगदीच हटला नाही तर लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, फक्त मावा दिसेल तिथे. भिंतीवरचे कोष खरवडू नका, तीन-चार दिवसांत किडा बाहेर पडतो, मग रिकामं टरफल पुसून घ्या.

शहरातली एक गोष्ट सांगतो. झाडाखाली लावलेल्या गाडीच्या काचेवर चिकट थेंब पडतात ना? तो असाच रस शोषणाऱ्या किड्यांचा प्रसाद असतो. ढालकिडे मारत गेलात तर गाड्या जास्त चिकट होतील.

कफ_वात_पित्त

शेवटचा मुद्दा मीटिंगमध्ये सर्वांत आधी मांडा, पार्किंगवर एकमत लगेच होतं :)

तिसरा_मजला

मीटिंग झाली. फवारणी तूर्त रद्द. माळ्याला शेंडे छाटायला सांगितलंय, बाळाच्या आईला मच्छरदाणी सोसायटीतर्फे दिली. पॅसेजचे दिवे पिवळे करणार. महिनाअखेर पुन्हा आढावा घेऊ. तेव्हाही त्रास असेल तर मी फवारणीचा विषय परत आणणार, हे आत्ताच सांगून ठेवतो.

सायली_सूस

मान्य आहे. सासूबाईंच्या खोलीतली केसाळ पट्टी आजच बदलून घेतली, जुनी हातात आली तर निम्मी झडलेली होती. त्या खोलीत काल एकच किडा सापडला. हॉलमध्ये अजून आहेत, रोज सकाळी मऊ ब्रशने डब्यात भरून मुलं रुईवर सोडून येतात.

गच्चीबाग

शेवंती संपली की तिचं काय करता? माझ्याकडे दरवर्षी मावा येऊन शेवटी फेकावीच लागते.

सासवडकर

फेकू नका. फुलं गेली की जमिनीपासून चार बोटं ठेवून छाटा, माव्याचे शेंडे त्यातच निघून जातात. बुडातून मुनवे (नवे कोंब) फुटतील, ते पावसाळ्याच्या तोंडावर वेगळे करून लावा. नत्राचं खत थोडं बेतानं द्या, जास्त दिलं की शेंडे लुसलुशीत होतात आणि मावा तिथेच पहिला बसतो.